मुंबईत थ्रिफ्ट स्टोअरसाठी गाळा निवडताना: टोकन देण्याआधीची कामं, क्रमाने

थ्रिफ्ट स्टोअर, म्हणजे वापरलेल्या कपड्यांचं दुकान, काढायचं ठरलं की बहुतेक जण पहिला फोन एजंटला करतात. एजंट चार-पाच गाळे दाखवतो, त्यातला स्टेशनजवळचा एक डोळ्यांत भरतो. ‘उद्या दुसरी पार्टी बघायला येतेय’ हे वाक्य कानावर पडतं आणि टोकन दिलं जातं. मग घरी बसून प्रश्न पडायला लागतात: कपडे आणायचे कुठून, ठेवायचे कुठे, घेणार कोण? हे प्रश्न गाळा बघण्याच्या आधीचे आहेत. क्रम उलटा झाला की चुकीच्या जागेचं भाडं निदान लॉक-इन (करारातली गाळा सोडता न येण्याची मुदत) संपेपर्यंत भरावं लागतं.

नव्या कपड्यांच्या दुकानदाराला जागा निवडताना फक्त गिऱ्हाइकाचा विचार करून भागतं, कारण त्याचा माल घाऊक बाजारातून गठ्ठ्याने येतो. थ्रिफ्टमध्ये माल देणारी माणसंही दुकानात यावी लागतात. शिवाय पिशवीतून निघणारा प्रत्येक कपडा वेगळा असतो. तो निवडायचा, धुवायचा, बटण लावायचं, इस्त्री करायची, किंमत ठरवायची. म्हणून जागा तीन बाजूंनी बघावी लागते: देणाऱ्याला येता येईल का, मधलं काम तिथे होईल का आणि घेणारा तिथे रेंगाळेल का. रोजच्या बोलण्यात आपण तिसऱ्या प्रश्नाचंच, तेही अर्धं उत्तर देतो: ‘गर्दी आहे ना, मग झालं.’

## टप्पा १: आधी भाड्याची वरची मर्यादा काढा

एजंटला बजेट सांगण्याआधी वही घ्या. ‘मला परवडेल किती’ यापेक्षा ‘रोज किती कपडे विकावे लागतील’ हा आकडा काढा.

समजा, एका कपड्यामागे सरासरी ₹३०० मिळतात. तो मिळवायला, धुवायला, दुरुस्त आणि इस्त्री करायला ₹१२० गेले, तर हातात उरले ₹१८०. गाळ्याचं भाडं ₹४५,०००, एका मदतनिसाचा पगार ₹१८,०००, वीज, मेंटेनन्स आणि किरकोळ मिळून ₹९,०००. एकूण ₹७२,०००. म्हणजे महिन्याला ४०० कपडे विकले गेले की फक्त खर्च निघतो. महिन्यात २६ दिवस दुकान उघडं धरलं तर रोजचे पंधरा-सोळा. त्यात तुमची स्वतःची कमाई अजून धरलेलीच नाही. हे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण भाडं ₹१८,००० ने वाढलं की महिन्याला आणखी शंभर कपडे विकावे लागतात, हे एकदा स्वतःच्या हाताने मांडून बघितलं की चकाचक गाळ्याची भुरळ पडत नाही.

या हिशोबात एक गोष्ट हमखास विसरली जाते. गाळेमालकाची जीएसटी नोंदणी असेल तर भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ₹४५,००० चे ₹५३,१०० होतात. तुमची स्वतःची नोंदणी नसेल तर हा कर परत मिळत नाही, तो सरळ खर्चात जातो. म्हणजे वरच्या उदाहरणात महिन्याला आणखी ४५ कपडे.

तपासा: सहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट आणि फर्निचर सोडून वेगळं बाजूला आहे का? नसेल तर मर्यादा खाली आणा, किंवा सुरुवात घरून आणि प्रदर्शनांतून करा.

## टप्पा २: काय विकणार ते नक्की करा

हा टप्पा छोटा आहे, पण पुढचं सगळं त्यावर ठरतं. कॉलेजच्या मुलांचे जीन्स-जॅकेट-शर्ट, एकदोनदा नेसलेल्या साड्या आणि शालू, आणि लहान मुलांचे आखूड झालेले कपडे या तीन वस्तूंची गिऱ्हाइकं वेगळी, वेळा वेगळ्या आणि विभागही वेगळे. कॉलेजची मुलं दुपारी येतात. साडी घेणारी बाई संध्याकाळी किंवा रविवारी येते आणि सोबत कुणाला तरी घेऊन येते. मुलांचे कपडे शाळा सुटायच्या वेळी घेतले जातात, आणि त्यासाठी आई दोन स्टेशनं ओलांडून येत नाही.

तिन्ही ठेवायचे असतील तरी मुख्य कोणता ते एका ओळीत लिहा. ती ओळ न लिहिता विभाग शोधायला लागलात तर प्रत्येकच जागा बरी वाटते.

## टप्पा ३: माल देणाऱ्यांचा नकाशा

आपल्याकडे जुने कपडे देण्याची सवय आहेच. बोहारीण दारात येऊन कपड्यांवर भांडी देते, सोसायट्यांत संस्थांच्या गाड्या येतात, गावी जाताना पिशव्या भरल्या जातात. तुमचं दुकान या सवयींशी स्पर्धा करतं, आणि त्या सगळ्या दारापर्यंत येतात. तुमच्याकडे यायला माणसाला घरून निघावं लागतं. म्हणून त्याच्या वाटेत काहीही अडचण नको.

एक व्यावहारिक मुद्दा लोक फार उशिरा लक्षात घेतात. रिक्षा पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि मध्य मुंबईकडून शीवपर्यंतच. त्याच्या दक्षिणेला टॅक्सी, बस किंवा स्वतःची गाडी. दोन मोठ्या पिशव्या घेऊन निघालेल्या बाईला अंधेरीत रिक्षा थेट दुकानासमोर सोडते. तेच काळबादेवीत किंवा फोर्टात टॅक्सीला थांबायला जागा मिळाली तर मिळाली. शहराच्या दक्षिण भागात दुकान काढणार असाल तर कपडे घरून उचलून आणायचा खर्च हिशोबात धरा.

दुसरा मुद्दा नाजूक आहे. आपली साडी आपल्याच बिल्डिंगमधल्या कुणाच्या अंगावर दिसावी, हे बऱ्याच घरांत रुचत नाही. अनेकांना ‘वापरलेलं घ्यायला’ ओळखीच्या गल्लीत शिरताना संकोचही वाटतो. त्यामुळे ज्या वस्तीतून माल येतो तीच विक्रीची वस्ती असेल असं धरू नका. एक-दोन स्टेशनांचं अंतर दोघांच्याही सोयीचं पडतं. शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, पार्ल्याचा पूर्व भाग इथल्या कपाटांत जपून वापरलेल्या उत्तम साड्या आहेत. त्या माटुंग्याला किंवा अंधेरीला विकायला काहीच हरकत नाही.

तिसरा मुद्दा वेळेचा. माल वर्षभर सारखा येत नाही. दिवाळीच्या साफसफाईत तो एकदम येतो. त्या पंधरा-वीस दिवसांत पिशव्यांची थप्पी लागते आणि गाळ्यात उभं राहायला जागा उरत नाही. म्हणून साठवणीची जागा बघताना ऑक्टोबर डोळ्यांसमोर ठेवा.

सावधान: ‘लोक आपणहून आणून देतील’ हे गृहीत धरून गाळा घेऊ नका. ओळखीच्या दोन-तीन सोसायट्यांच्या सेक्रेटरींशी आधी बोला, एका रविवारी कपडे गोळा करून बघा. आलेल्यातलं विकण्याजोगं किती निघतं ते मोजा. ते प्रमाण अपेक्षेपेक्षा कमीच असतं, आणि न विकण्याजोगा माल पुढे पाठवेपर्यंत ठेवायलाही जागा लागते.

## टप्पा ४: दोन किंवा तीन विभाग, जास्त नाही

पूर्ण मुंबई धुंडाळायला गेलात तर वर्ष जाईल. तुमच्या मुख्य मालावरून दोन-तीन विभाग निवडा आणि तेवढेच बघा. काही विभागांबद्दल माझं मत देत आहे. ते डोळे झाकून घेऊ नका, पुढच्या टप्प्यात मोजून पडताळा.

माटुंगा पूर्व. रुईया, पोदार, खालसा, व्हीजेटीआय अशी कॉलेजं चालत जाण्याच्या अंतरात. मुलं इथे नाक्यावर तासन्‌तास उभी राहतात, उडप्याकडे बसतात. थ्रिफ्टला हवा असलेला निवांतपणा इथे आहे. मात्र गांधी मार्केट आणि किंग्ज सर्कलच्या बाजूला पावसाळ्यात पाणी भरतं, तिकडचा स्वस्त गाळा मिळाला तर कारण आधी विचारा.

विलेपार्ले. पश्चिमेला मिठीबाई आणि नरसी मोनजी, पूर्वेला साठ्ये आणि डहाणूकर. एका बाजूला फॅशनचं गिऱ्हाईक, दुसऱ्या बाजूला साड्यांचा माल. पण पूर्व आणि पश्चिम या दोन वेगळ्या बाजारपेठा आहेत. ‘पूल ओलांडला की झालं’ असं नकाशावर वाटतं, प्रत्यक्षात माणूस पूल ओलांडत नाही.

दादर पश्चिम. गर्दीबद्दल प्रश्नच नाही. पण रानडे रोडवर येणारी बाई यादी घेऊन आलेली असते आणि तिला पाच दुकानं करायची असतात. शिवाय बाहेर फूटपाथवर नवा कुर्ता स्वस्तात टांगलेला असतो. साध्या वापरलेल्या कुर्त्याला तिथे भाव येत नाही. चांगल्या साड्या, पैठण्या, शालू असतील तर मुख्य रस्ता सोडून शिवाजी पार्कच्या बाजूची गल्ली बघा.

वांद्रे पश्चिम. जुन्या धाटणीचे कपडे हौसेने शोधणारं गिऱ्हाईक इथे आहे आणि त्याला वापरलेल्या कपड्यांचा संकोच नाही. हिल रोड किंवा लिंकिंग रोडचं भाडं झेपणार नाही, पण आतल्या गल्ल्या चालतात, कारण इथे लोक पत्ता शोधत येतात.

चर्चगेट, फोर्ट, कुलाबा. के.सी., जयहिंद, एच.आर. ही कॉलेजं जवळ असली तरी फॅशन स्ट्रीट आणि कुलाबा कॉजवे तिथेच आहेत. एक्सपोर्टचा नवा माल स्वस्तात मिळतो. भाडं जास्त, रिक्षा नाही. पहिल्या दुकानासाठी मी हा पट्टा सुचवणार नाही.

लालबाग-परळकडे नवे टॉवर उभे राहिल्यापासून मालाची बाजू चांगली झाली आहे. पण गणपतीच्या आधीचे आठवडे आणि गणपतीचे दिवस तिथला रस्ता कपडे बघणाऱ्यासाठी नसतो, तेवढं वार्षिक हिशोबात धरा.

## टप्पा ५: मोजणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

गाळ्यासमोरून किती माणसं गेली हा आकडा एजंटही सांगेल. तुम्हाला तीन वेगळे आकडे हवेत:

१. जाणारे. त्यातही तुमच्या मुख्य मालाचं गिऱ्हाईक वाटेल अशीच माणसं. साड्या विकणार असाल तर ऑफिसची बॅग पाठीवर टाकून पळणारे पुरुष मोजू नका.

२. थांबणारे. शेजारच्या कुठल्याही दुकानाच्या काचेपाशी निदान काही क्षण थांबलेली माणसं. हा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. थ्रिफ्टमध्ये हॅंगर एकेक करून सरकवावे लागतात, गिऱ्हाइकाचा वेळ लागतो. आठ-बाराची फास्ट पकडायला निघालेला माणूस कितीही वेळा समोरून गेला तरी आत येणार नाही.

३. पिशवी घेऊन बाहेर पडणारे. शेजारच्या कपड्यांच्या, चपलांच्या, दागिन्यांच्या दुकानातून. लोक बघतात की घेतात, ते यावरून कळतं.

मोजायचं कधी? निदान एक कामाचा दिवस, एक शनिवार आणि एक रविवार. दिवसात तीन वेळा: दुपारी बारा ते दोन, संध्याकाळी पाच ते सात आणि सात ते नऊ. प्रत्येक वेळी अर्धा तास पुरे. हेच महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा वीस तारखेनंतर करा. पगार झाल्यावरचा रस्ता आणि महिनाअखेरचा रस्ता यांत खूप फरक असतो.

मोजणी कुठल्या दिवशी करू नये तेही लिहून ठेवा. मेगाब्लॉकचा रविवार नको. मध्य आणि हार्बरवर तो वरचेवर असतो, आणि त्या दिवशी स्टेशनबाहेरची गर्दी एकतर गायब असते किंवा अडकून पडलेली असते. सण, सणाच्या आधीचा आठवडा, जोराच्या पावसाचा दिवस, परीक्षांचा काळ, बाजाराचा सुट्टीचा वार हे सगळे वगळा. मे महिन्यात कॉलेजच्या नाक्यावर मोजणी करून ‘इथे कुणी फिरकत नाही’ असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत. तसेच जुलैत प्रवेशाच्या गर्दीत मोजून भाळणारेही आहेत.

दिशा बघा. सकाळी लोक स्टेशनकडे पळतात, संध्याकाळी घराकडे चालतात. खरेदी संध्याकाळी होते. म्हणून स्टेशनातून बाहेर पडून घराकडे जाताना ज्या बाजूने माणसं चालतात ती बाजू तुमची. मधे दुभाजक असेल तर समोरची बाजू तुमच्यासाठी दुसरं गाव आहे असंच समजा. स्कायवॉक असेल तर उभं राहून बघा की लोक वरूनच निघून जातात का. स्कायवॉकखालचा गाळा स्टेशनपासून दोन मिनिटांवर असूनही ओसाड असू शकतो.

फेरीवाल्यांचं काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या आदेशानुसार रेल्वे स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसता येत नाही. कारवाई झाली की रस्ता मोकळा होतो, काही दिवसांनी पुन्हा भरतो. गाळा बघायला गेलात तेव्हा फूटपाथ मोकळा दिसला म्हणून तो कायम तसाच राहील असं समजू नका. वेगवेगळ्या दिवशी जा. समोर ठेला लागला तर तुमची काच दिसेल का, ते बघा. आणि ठेल्यावर काय विकलं जातं तेही. खाण्याचा ठेला माणसं थांबवतो. नव्या टी-शर्टचा ठेला तुमची किंमत पाडतो.

तपासा: रोज लागणारे पंधरा-सोळा कपडे (किंवा तुमचा जो आकडा असेल तो) थांबणाऱ्यांच्या आकड्याशेजारी लिहा. संध्याकाळच्या अर्ध्या तासात तुमच्या कामाची पाच-सहाच माणसं थांबत असतील, तर सगळी भिस्त इन्स्टाग्रामवरून पत्ता शोधत येणाऱ्यांवर आहे. मग रस्त्यावरच्या गाळ्याचं भाडं कशाला भरायचं? अशा वेळी पहिल्या मजल्याचा गाळा बघा. तो बराच स्वस्त पडतो. तरुण गिऱ्हाइकाला जिन्याचं काही वाटत नाही. मात्र साड्या हा मुख्य माल असेल तर जिना नको, ज्येष्ठ बायका चढणार नाहीत आणि पिशव्या घेऊन तर नाहीच.

## टप्पा ६: दोन दिवसांचं तात्पुरतं दुकान

विभाग पक्का वाटला तरी गाळ्याकडे वळण्याआधी त्याच भागात एक शनिवार-रविवार विक्री लावा. सोसायटीचा हॉल, मंगल कार्यालयाचं छोटं सभागृह, बायकांच्या बचत गटाच्या प्रदर्शनातलं एक टेबल, काहीही चालेल. किती विकलं यापेक्षा लोक काय विचारतात ते ऐका. ‘धुतलेले आहेत का?’, ‘कुणाचे आहेत?’, ‘परत घेता का?’ हे प्रश्न जिथे सतत येतात तिथे दुकान जमायला वेळ लागेल आणि तेवढे महिने भाडं भरावं लागेल. ‘याच्यात माझा साइज आहे का?’ हा प्रश्न जिथे आधी येतो, तो विभाग तयार आहे.

## टप्पा ७: गाळा आतून बघणे

आता एजंटला फोन करा. दलाली किती आणि कधी द्यायची, ते पहिला गाळा बघण्याआधीच ठरवून घ्या.

ओल. वापरलेल्या कपड्यांचा मुंबईतला पहिला शत्रू. पावसाळ्यातल्या चार महिन्यांत बंद गाळ्यात कपड्यांना कुबट वास येतो, बुरशी येते, आणि एकदा वास धरला की गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतं. जुन्या कपड्यांबद्दल आधीच मनात शंका असलेल्या माणसाला तेवढं कारण पुरतं. गाळा शक्यतो जून ते सप्टेंबरमध्ये बघा. ते जमणार नसेल तर भिंतींच्या तळाशी पोपडे, ताजा रंग मारलेला एखादाच पट्टा, प्लायवूड लावून झाकलेली भिंत यांच्याकडे लक्ष द्या. वर कुणाचं संडास-बाथरूम आहे का, ते वर जाऊन बघा. शटर बंद करून पाच मिनिटं आत उभे राहा आणि नाकाने तपासा.

पाणी. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. पण मोठ्या भरतीच्या वेळी जोराचा पाऊस झाला की पाणी इतरही कितीतरी गल्ल्यांत चढतं. शेजारच्या दुकानदारांना विचारा, आणि नीट विचारा. ‘सव्वीस जुलैला पाणी आलं होतं का?’ या प्रश्नाचा उपयोग नाही. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, पाणी शहराच्या बहुतेक भागांत होतं. ‘गेल्या पावसाळ्यात किती वेळा आलं, कुठपर्यंत?’ असं विचारा. शेजाऱ्यांनी उंबऱ्याला कठडा बांधला असेल किंवा खालचा खण रिकामा ठेवला असेल, तर उत्तर न विचारताच मिळालं.

मोजमाप. एजंट सांगतो ते बिल्टअप, म्हणजे भिंतींची जाडी धरून, असतं. टेप घेऊन जा आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतः मोजा. त्यातला निदान एक तृतीयांश भाग निवड, इस्त्री आणि साठवणीसाठी जाणार असं धरा. पोटमाळा असेल तर हे काम वर जातं आणि खालची जागा सुटते, म्हणून पोटमाळ्याचा गाळा थोडा महाग असला तरी घ्यावा, असं मला वाटतं. फक्त तो मंजूर नकाशात आहे की नंतर कुणी बांधला, ते विचारा. वर ताठ उभं राहता येतं का, वारा येतो का, तेही बघा. कारण तिथे तुमचा माणूस दिवसभर काम करणार आहे.

उजेड. दुपारी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा बघा. जुन्या कपड्याचा खरा रंग दिवसाच्या उजेडात कळतो आणि डागही. गिऱ्हाईक कपडा घेऊन दारापर्यंत येतं, ते यासाठीच. दारापाशी तेवढी मोकळी जागा हवी.

उरलेल्या गोष्टी भराभर: कपडे घालून बघायला आडोसा आणि आरसा बसेल का, नळ आणि पाण्याची वेळ, शौचालय कुठे आहे, वीजमीटर व्यापारी आहे का आणि त्याचा भार इस्त्री व एसीला पुरेल का, मीटरचं जुनं बिल थकलेलं आहे का, रिक्षा किंवा टेम्पो पाच मिनिटं उभा राहिला तर शेजारी भांडतील का.

## टप्पा ८: रस्ता आणि बिल्डिंग उद्या कशी असेल

गाळा आज कसा आहे एवढंच बघून मुंबईत भागत नाही. लोअर परळचा डिलाईल पूल २०१८ मध्ये बंद झाला तो पूर्णपणे सुरू व्हायला २०२३ उजाडलं. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. मेट्रो ३ च्या कामात गिरगाव-काळबादेवीची कितीतरी दुकानं वर्षानुवर्षं पत्र्यांआड होती. तुमचा करार तीन वर्षांचा आणि पूल बंद पाच वर्षं, असं होऊ शकतं.

म्हणून तीन चौकशा करा. पहिली, जवळच्या पुलाचं, मेट्रोचं किंवा रस्ता काँक्रिटीकरणाचं काम ठरलं आहे का. ही माहिती स्थानिक बातम्यांत आणि वॉर्ड ऑफिसात मिळते. दुसरी, गाळा रस्तारुंदीकरणाच्या रेषेत येतो का. विकास आराखडा २०३४ चे शेरे, म्हणजे आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलं आहे याची लेखी माहिती, महापालिकेकडून घेता येतात. तिसरी, बिल्डिंग पुनर्विकासाला जाणार आहे का. शेअर बाजारातल्या अफवेसारखी ही बातमी गल्लीत सगळ्यांना आधी माहीत असते आणि नव्या भाडेकरूला शेवटी कळते. सोसायटीच्या सेक्रेटरीला थेट विचारा: विकासक नेमला का, सभेत ठराव झाला का? मुंबई बेटावरच्या (उपनगरं सोडून उरलेल्या) शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, बिल्डिंगींसाठी म्हाडा दरवर्षी पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी काढते, ती बघा. महापालिकेच्या वर्गवारीत ‘सी-१’ म्हणजे रिकामी करून पाडायची इमारत. तिथे भाडं कितीही कमी असलं तरी जाऊ नका.

## टप्पा ९: कागद

मालकाकडून या गोष्टींच्या प्रती मागा: गाळा त्याच्या नावावर असल्याचा नोंदणीकृत दस्त किंवा शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती, वीजबिल, सोसायटीचं ना-हरकत पत्र. मालमत्ता कराच्या पावतीवर वापर व्यापारी दाखवला आहे का, ते बघा. तळमजल्यावरचा राहता फ्लॅट रस्त्याच्या बाजूने फोडून केलेले ‘गाळे’ शहरात बरेच आहेत. नोटीस आली तर शटर तुमचं बंद होतं.

गाळा पागडीचा (एकदाच मोठी रक्कम देऊन घेतलेल्या जुन्या भाडेहक्काचा) असेल तर समोर बसलेला माणूस मालक नसून भाडेकरू असतो. मूळ मालकाच्या लेखी संमतीशिवाय त्याच्याकडून काहीही घेऊ नका, तोंडी भरवशावर तर नाहीच.

भाडं रास्त आहे का, हे कळायला एक चांगली सोय आहे. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये नोंदणी झालेल्या दस्तांची ‘सूची दोन’ (इंडेक्स टू, दस्ताचा गोषवारा) बघता येते. त्याच रस्त्यावरचे लीव्ह अँड लायसन्सचे (ठरावीक मुदतीच्या भाडेकराराचे) अलीकडचे दस्त काढा. एजंटने सांगितलेला ‘इथला रेट’ त्यातल्या आकड्यांशेजारी ठेवा, मग बोलीला बसा.

सावधान: हे कागद हातात येईपर्यंत टोकन नाही. दुसरी पार्टी येऊ दे.

## टप्पा १०: बोली आणि करार

भाड्याइतक्याच जोराने या मुद्द्यांवर बोला:

– लॉक-इन. मालकाला तीन वर्षं हवी असतात. तुमच्या बाजूने ते सहा महिने किंवा फार तर एक वर्ष ठेवा. मालकाने मात्र पूर्ण मुदतीत काढू नये, हे वेगळ्या कलमात लिहून घ्या.
– भाडेमाफीचे दिवस. रॅक, दिवे, रंग यांना लागणारे पंधरा-वीस दिवस भाड्यातून सोडवून घ्या. बरेच मालक मानतात, पण आपण विचारत नाही.
– पाणी आणि गळती. गळतीची दुरुस्ती कुणी आणि किती दिवसांत करायची, ते लिहा. पुनर्विकासाची नोटीस आली तर डिपॉझिट किती दिवसांत परत, तेही.
– पाटी. दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत आणि इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत असणं बंधनकारक आहे. तेवढ्या मापाची पाटी सोसायटी लावू देते का, ते आधी विचारा. दिव्याची पाटी असेल तर महापालिकेची परवानगी लागते.

करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, त्यामुळे ‘नोटरी करून टाकू’ याला नाही म्हणा. खर्चही फार नाही. पाच वर्षांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, ते मुदतीतल्या एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरच्या वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजावर. ₹४५,००० भाडं, तीन वर्षं, ₹३ लाख डिपॉझिट असेल तर भाड्याचे ₹१६,२०,००० अधिक व्याजाचे ₹९०,०००, मिळून ₹१७,१०,०००. त्यावर शुल्क ₹४,२७५, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी ₹१,०००.

करार झाला की दुकाने व आस्थापना कायद्याखालचं काम, म्हणजे ज्याला आपण गुमास्ता म्हणतो ते, ऑनलाइन करून घ्या. मोजके कामगार असलेल्या छोट्या दुकानाला फक्त सूचना द्यावी लागते. तिची पोच बँकेचं खातं उघडताना मागतात.

किल्ली घ्यायच्या दिवशी मालकाच्या समोर मीटरचं रीडिंग, भिंती, छत, शटर आणि पोटमाळ्याचे फोटो काढा आणि तिथल्या तिथे त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा. मग भिंतीला टेकणार नाहीत असे, जमिनीपासून वीतभर उंच रॅक बसवायला सुताराला बोलवा.